चौकटीच्या टॉवेलावरचं काळं बटण

तेर,
२ जानेवारी

चि. समर्थ,

अक्काचा आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोका पूर्ण उलगडला, पुठ्ठ्याच्या घड्यांतही बोट घालून बघितलं. नव्हती. तू वस्तू पाठवतोस, शब्द पाठवत नाहीस. आणि फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून मी आपली पत्रं लिहीत बसते. भाऊ म्हणतात, "ल्योक पार्सलवाला, लेक पत्रवाली. पोस्टाचं भलं करताव दोगं मिळून."

आधी वस्तू काय आहे तेच कळेना. वेळूच्या पेराएवढी काळी नळी, तिच्या बुडाला बारकी किल्ली, एक लाल काचेचा प्लास्टिकचा चष्मा आणि मुंगीच्या अक्षरातला घडीचा कागद. मोबाईलवर तुझी एक ओळ आली तेव्हा उलगडा झाला: 'पाखरांसाठी लेझर. भाऊंना माळ्यावर चढू देऊ नको.' तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं रे. शाळू चिकात आला, दाणे भरायला लागले की भाऊ गोफण घेऊन रानातल्या लाकडी माळ्यावर चढणार, आणि त्यांचा डावा डोळा तर आपल्या जन्माआधीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. उरलेल्या उजव्याचा मोतीबिंदू दिवाळीनंतर शिबिरात काढला, तेव्हा पट्टी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, हा एकच आहे, जपा. तेव्हापासून मी त्या एका डोळ्यावर डोळा ठेवून आहे. मागच्या वर्षी आईच्या वर्षश्राद्धाला तू हेच बोलायला गेलास, भाऊ म्हणाले, "डोळा माझा, शेत माझं," आणि तू ताटावरून उठलास. मी त्यात शिरत नाही. फक्त एवढंच की काळजी तुझी आणि माझी एकच आहे, मग भांडण कशाचं आहे ते मला अजून कळलेलं नाही.

तर लेझर. भाऊ तिला हिरवी बॅटरी म्हणतात. कागदावर एका डोळ्याचं चित्र आहे आणि त्यावर फुली. याचा अर्थ काय घ्यायचा? भाऊ म्हणाले, "डोळा आसणाऱ्यानं वापरू न्हाय. म्हंजी माझ्यासारख्या अर्ध्याला चालतंय." बाकीचं इंग्रजी मला पुरतं लागत नाही. ब्लाऊजची मापं लिहिण्यापुरतं माझं इंग्रजी, तुला माहीत आहे.

चष्म्याचं मात्र विचारायचं आहे. तो लाल चष्मा मी घातला, ओसरीवरून परड्यातल्या गोठ्याच्या भिंतीवर बॅटरी मारली, तर उजेडच दिसेना. चष्मा काढला, हिरवा ठिपका होता. परत घातला, नव्हता. भाऊंनीही घालून बघितला. म्हणाले, "आंधळं करायचा चष्मा हाय ह्यो. पाखरू बी दिसंना, उजेड बी दिसंना. नासका माल पाठवलाय त्याला." मग आम्ही शिबिरातले काळे चष्मे काढले. भाऊंना त्यांच्या ऑपरेशनला मिळालेला, आणि आईला तिच्या वेळी मिळालेला, तो मी घेतला. त्यातून ठिपका छान दिसतो आणि डोळ्याला गार वाटतं. केलं ते बरोबर ना? तेवढं कळव.

काळे चष्मे लावून आम्ही बाप-लेक बांधावरून निघालो, तर शेजारच्या रानातून सिताबाई ओरडली, "का गं दैवशाला, सिनिमा काढतीस व्हय बापाला घिऊन?"

तुझी,
अक्का


तेर,
६ जानेवारी

चि. समर्थ,

आधीचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. पण काल एक झालं, आणि मला काय करावं ते कळत नाही.

पाखरं खरंच उडतात. पहिल्या दिवशी हिरवी रेघ कणसांवरून फिरवली तर साळुंक्यांचा अख्खा थवा उठून सिताबाईच्या रानात उतरला. ती शिव्या देत आली आणि जाताना "मला बी दे की दोन दिवस" म्हणून मागून गेली. भाऊ लेकरासारखे खूष. माळ्यावर चढू नका म्हटलं तर ऐकले नाहीत. मग बॅटरी मी धरायची आणि पाखरं त्यांनी दाखवायची असं ठरलं. म्हणजे मीही माळ्यावर.

काल सकाळी ऊन नुकतं वर आलं होतं. भाऊ म्हणाले, "त्या आंगाला बग, राघू बसल्यात." मी हात फिरवला. आणि समोरून एकदम हिरवी वीज आली. आवाज नाही, चटका नाही, काही नाही. नुसता हिरवा लखकन उजेड, तोही संपलेला. पापणी मिटेपर्यंत तो येऊन गेला होता.

रानात काहीतरी चमकत होतं, त्यावरून तो उलटून आला.

भाऊ "आगागा" म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा काळा चष्मा कपाळावर होता. काळ्यातून राघू दिसत नाहीत म्हणून त्यांनी तो वर सरकवलेला. मी त्यांचा चेहरा धरला. विचारलं, "भाऊ, दिसतंय का?" म्हणाले, "हिरवं दिसतंय." मी म्हटलं, "नुसतं हिरवं?" तर म्हणाले, "तू हिरवी दिसतीस." माझ्याही डोळ्यांपुढे हिरवा-जांभळा ठिपका नाचत होता, पण माझं काय, मी दोन डोळ्यांची. खाली उतरेपर्यंत भाऊ म्हणाले, गेलं. घरी आल्यावर म्हणाले, थोडं हाय. चहा पिताना म्हणाले, काय थोडं हाय? मी कवा म्हणलो?

दुखत नाही. लाल झालेला नाही. पाणीही येत नाही. मग काही झालंय असं कसं म्हणू, आणि नाही झालं असं तरी कसं म्हणू?

तुला फोन करणार होते. नंबर काढला. मग वाटलं, तू म्हणशील 'माळ्यावर चढू देऊ नको सांगितलं होतं', मी म्हणेन 'मग येऊन सांभाळ', आणि भाऊ पलीकडे बसून सगळं ऐकतील. म्हणून हे.

सिताबाई म्हणते डोळ्यात गुलाबपाणी घाल. मी काही घातलेलं नाही.

अक्का


तेर,
१२ जानेवारी

चि. समर्थ,

काल येळवस, वेळ अमावास्या झाली. दर वर्षीसारखी रानात कडब्याची कोपी केली, आत पाच पांडवांचे दगड मांडले, अंबिलाचं मडकं पुजलं. तू नव्हतास. भाऊंनी तुझ्या नावाचा द्रोण भरून कोपीच्या तोंडाशी ठेवला आणि कुणी बघत नाही असं बघून स्वतःच पिऊन टाकला.

आता सरळ लिहिते.

त्या दिवसापासून मी भाऊंच्या मागे आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचा. तारेवर किती चिमण्या आहेत सांगा. माझ्या कपाळावर टिकली आहे की नाही? ते कधी बरोबर सांगायचे, कधी मुद्दाम चूक. टिकली दिसतेय का म्हटलं तर म्हणाले, "टिकली कुटली, मोकळं रान दिसतंया." मी रडकुंडीला आले. ते हसत असतात तेव्हा चेष्टा करतात की लपवतात हे मला आयुष्यात कधी ओळखता आलं नाही, आणि आता तेवढंच ओळखायचं होतं.

मधे तुझा फोन आला तेव्हाही तसंच. तुला दोन्ही पत्रं मिळाली असावीत, कारण तू माझ्या नाही, त्यांच्या फोनवर केलास. मी चुलीपाशी होते. ते म्हणाले, "सगळं झकास हाय रं. तुजी अक्का काय बी लिवती." आणि फोन ठेवला.

आता माझं ऐक. या दिवसांत माझ्या हातून सारखं काहीतरी व्हायला लागलं होतं. सुईत दोरा जाईना. सिताबाईच्या सुनेचा ब्लाऊज दिला तर ती तशीच परत घेऊन आली, हुक एका रेषेत नाहीत, काजं भलतीकडे. सिताबाई म्हणाली, "ध्यान कुटं हाय तुजं? बापाच्या डोळ्यात का?" मी म्हटलं, झोप नाही. खरंच नव्हती. काल कोपीत सगळ्यांना अंबील वाढताना निम्मं द्रोणाबाहेर गेलं, एकदा नाही, दर वेळी. चाळिशी लागली, चष्म्याचा नंबर काढायला पाहिजे, असं मी मनाला सांगितलं. मागच्या पत्राच्या ओळी बघ, उजवीकडे जाता जाता खाली घसरल्या असतील. माझं अक्षर असं नाही हे तुला ठाऊक आहे. तुझे निबंध मीच सुंदर करून द्यायची.

येळवशीच्या जेवणाला जगदेवी आली होती, गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई. तिला भाऊंचं सांगितलं. ती म्हणाली, शिबिरात चौकटीचा कागद दाखवतात, मधोमध ठिपका असतो. एक डोळा झाकायचा, दुसऱ्यानं ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधे भोक दिसलं तर आतल्या पडद्याला इजा. कागद तिच्याजवळ नव्हता. मी घरी येऊन भाऊंचा चौकटीचा टॉवेल घेतला, त्याच्या बरोबर मध्यावर एक काळं बटण टाचलं आणि दाराला अडकवला.

आज सकाळी भाऊंना समोर बसवलं. म्हटलं, एक डोळा झाका आणि बटणाकडे बघा.

ते म्हणाले, "म्या काय झाकू? झाकायला दुसरा हाय कुटं?"

"तसंच बघा मग. बटण दिसतंय?"

"दिसतंय की."

"रेघा?"

"सरळ हायत. इनलेल्या वाकड्या असत्या तर इकत घेतला नसता."

मला वाटलं, झालं, परत चेष्टा. मी वैतागून त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "नीट करा भाऊ. हे बघा, असं. असा हात धरायचा, आणि असं एका डोळ्यानं..." आणि मी तळहातानं माझा डावा डोळा झाकला.

समर्थ, बटण नव्हतं.

टॉवेल होता. चारी कडा होत्या, दार होतं, दाराची कडी होती. मधोमध एक धुरकट खड्डा होता आणि त्याच्या आजूबाजूच्या रेघा त्यात ओढल्यासारख्या आत वाकल्या होत्या, जसं कापड सुईला अडकून ओढलं जातं. मी हात काढला. बटण आलं. परत झाकला. गेलं. मला वाटलं बटण पडलं. उठून हात लावून बघितलं. बटण पक्कं होतं, मीच टाचलेलं.

डावा डोळा इतके दिवस उजव्याची उणीव भरून काढत होता आणि मला काही सांगत नव्हता.

भाऊ माझ्याकडे बघत होते. हसत नव्हते. म्हणाले, "दैवशाला, उजव्याचं गेलं का गं?" मी म्हटलं, नाही नाही, बटण बारीक आहे. मग ते माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी आपलं जाडं बोट माझ्या डोळ्यासमोर धरलं. डावा झाकून मी बघितलं तर त्यांचा पंजा दिसत होता, मनगट दिसत होतं, बोट दिसत नव्हतं.

खरं सांगू? पहिल्यांदा मला हायसं वाटलं. म्हणजे ते त्यांचं नाही. लगेच कळलं, म्हणजे ते माझं आहे, आणि भीती वाटली. कोणतं आधी वाटलं तेही आता नक्की सांगता येत नाही.

आणखी एक, जे मी गेल्या पत्रात 'काहीतरी चमकत होतं' असं लिहिलं. ती तुझी सीडी होती. तू कॉलेजला असताना जमवलेल्या, पेटीत ठेवून गेलेल्या चकत्यांतली एक. भाऊंनी दोन वर्षांपूर्वी सुतळीला ओवून पाखरांसाठी रानात टांगल्या. तुला राग येईल म्हणून कधी सांगितलं नाही, आणि आता तुला भलतंच काही वाटेल म्हणून लिहिलं नव्हतं. वाऱ्यानं ती फिरली आणि रेघ तिच्यावर पडली. एवढंच. रानात चकत्या टांगायच्या आणि त्याच रानात लेझर मारायची, दोन्ही पाखरांसाठीच, हे एकमेकांच्या आड येईल असं आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

उद्या सोलापूर.

अक्का


तेर,
१७ जानेवारी

चि. समर्थ,

सोलापूरला जाऊन आलो. तुझे चार मिस्ड कॉल दिसले. डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध घातलेलं, मोबाईल चमकत होता एवढंच दिसत होतं, कुणाचा ते वाचता येत नव्हतं. भाऊंना म्हटलं बघा कुणाचा आहे, तर ते म्हणाले, "माझ्यात बी आवशीद घातलंय." आम्ही दोघं बाकड्यावर भिंतीला टेकून बसलो होतो, तो वाजत होता.

पडद्याच्या डॉक्टरीण होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी आधी भाऊंना तपासलं, मीच हट्ट केला. भाऊंचा डोळा स्वच्छ आहे. त्या वेळी ते राघूंकडे बघत होते आणि मी रेघेकडे. लेझरची रेघ इतकी बारीक असते की खांद्याला खांदा लावून बसलेल्या दोघांपैकी एकालाच लागावी.

मग माझा. त्यांनी आतल्या पडद्याचा फोटो काढून दाखवला. जिथून आपण वाचतो, सुई ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, नेमकी ती जागा, आणि तिथे ज्वारीच्या दाण्याहून कितीतरी बारीक भाजल्याचा डाग. मला वाटत होतं काहीतरी मोठं असेल.

त्यांनी विचारलं, डोळ्याला काय लावलं होतं? भाऊंनी मोठ्या अभिमानानं खिशातून काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "इथल्याच लोकांनी दिल्याला हाय," म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. म्हणाल्या, "बाबा, हा उन्हासाठी. ह्यानं लेझर थांबत नाही. उलट काळोख केला की डोळ्याची बाहुली उघडते आणि जास्त उजेड आत जातो."

मी म्हटलं, खोक्यात एक लाल होता, पण तो खराब निघाला. त्यातून ठिपका दिसतच नव्हता.

त्या म्हणाल्या, "दिसत नव्हता, कारण तो अडवत होता."

मला हे पुरतं उमजायला वेळ लागला. परतीच्या गाडीत तुळजापूर येईपर्यंत मी तेच मनात घोळत होते. ज्यातून दिसत होतं तो चष्मा आम्ही चांगला म्हटला, आणि ज्यातून दिसत नव्हतं तो नासका. आयुष्यभर चष्मा म्हणजे दिसण्यासाठी, असंच ना आपल्याला माहीत? त्या असंही म्हणाल्या की खोक्यातल्या लालवरही आंधळा भरवसा ठेवू नये. प्रत्येक लेझरच्या उजेडाचा आकडा असतो, चष्म्यावर तोच आकडा छापलेला असावा लागतो, आणि नळीवर ताकद कमी लिहून आत जास्त भरलेली असते असंही त्यांच्याकडे येतं. हिरव्याचा चष्मा लाल लेझरला चालत नाही. चमकणारं काही समोर असेल, ताट, आरसा, काच, पत्रा, तर मारायचीच नाही. माणसावर, जनावरावर, रस्त्यावरच्या गाडीवर तर नाहीच. लागते की नाही बघायला नळीत डोकवायचं नाही. मला त्या क्षणी आठवलं की पहिल्या दिवशी सेल घालून लागेना म्हणून भाऊंनी नेमकं तेच केलं होतं, नळी त्यांच्या त्या एका डोळ्यापाशी नेली होती, आणि किल्ली फिरवलेली नव्हती म्हणून तो वाचला.

बरं होईल का, विचारलं. म्हणाल्या, काहींचं काही महिन्यांत बरंचसं भरून येतं, काहींचं नाही. यावर खात्रीचं औषध नाही. महिन्यानं परत फोटो काढू. मला 'हो' किंवा 'नाही' पाहिजे होतं. त्यांनी दोन्ही दिलं.

बाहेर आल्यावर मी गोंधळून चुकीच्या गाडीकडे निघाले होते. पाटी सरळ बघितली की औषधानं सगळंच फेसाळ. भाऊंनी माझा हात धरला. आपले भाऊ, ज्यांना तू आणि मी वर्षभर सांभाळायच्या गोष्टी करतोय, ते स्टँडवर लोकांना विचारत विचारत मला घेऊन चालले होते. "आरं, ही गाडी तेरला जातीया का? दोगांत मिळून एक डोळा हाय आमच्या, त्यो बी आज ओला."

घरी आल्यावर मी चहा ओतायला गेले, तर ते म्हणाले, "असा अधांतरी वतू नको. बशीला भांडं टेकव, मग वत. एका डोळ्याला लांबी कळत न्हाय. म्या लगीन झाल्यावर शिकलो ह्ये. तुजी आई रोज फडकं घिऊन बसायची." मी म्हटलं, मला दोन आहेत भाऊ. म्हणाले, "आसूदे की. टेकवून वत."

टेकवून ओतला. एक थेंब सांडला नाही.

समर्थ, तू काय विचार करत असशील ते मला इथून दिसतंय. 'बॅटरी मी पाठवली.' हो, तू पाठवलीस. चकती तुझी, टांगली भाऊंनी, हात माझा, वारा कुणाचाच नाही. मी हे चार-पाच प्रकारे मांडून बघितलं. दर वेळी दोष वेगळ्याच्या नावावर निघतो. मी मांडणं सोडलं. तूही सोड.

सिताबाई काल बॅटरी मागायला परत आली. मी नाही म्हटलं. म्हणाली, "तुज्या पाखरांनी माजं रान खाल्लं, आता देताना हात आखडतीस?" काय समजावणार? मी तिला टॉवेलसमोर उभी केली आणि म्हटलं, एक डोळा झाका. तिनं झाकला, बटण दिसलं, दुसरा झाकला, दिसलं. "मग?" म्हणाली. मी म्हटलं, मला दिसत नाही. तिनं पुढे होऊन बटणाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "ब्लाऊजाचं राहूंदे. हुक म्या लावते." आणि गेली.

सेल काढलेत. किल्ली माझ्या मंगळसूत्राच्या जुन्या डबीत आहे. मी माहेरी परत आले तेव्हापासून ती रिकामीच होती, तुला माहीत आहे.

अक्का


तेर,
२८ जानेवारी

चि. समर्थ,

तुझं नवं पार्सल आलं. भाऊंनी कानापाशी हलवून बघितलं. म्हणाले, "चष्मं असत्याल. भारीतलं." मलाही तसंच वाटतं, आकडा छापलेले, बरोबर असलेले. तू आता खूप शोधून पाठवले असणार, मला तुझी सवय माहीत आहे. मी ते उघडलेलं नाही. कोनाड्यात ठेवलंय. राग आला म्हणून नाही. मला त्यातून काय हवं आहे तेच कळत नाही, आणि ते त्या खोक्यात नसेल असं वाटतं, म्हणून.

रानातल्या चकत्या मी सगळ्या उतरवल्या. पुसल्या. काहींवर अजून तुझं अक्षर आहे, निळ्या पेनानं. फुटल्या नाहीत. त्या पेटीत ठेवल्यात आणि लेझरही त्याच पेटीत, फडक्यात गुंडाळून. ती कुणाला द्यायची नाही आणि टाकायची तर कुठं? ओढ्यात टाकली तर गुरं राखणाऱ्या पोरांना सापडेल. तुझी वस्तू आहे, तू ने.

भाऊ परत गोफण चालवतात. मी खालूनच पाखरं दाखवते. कडेचं मला चांगलं दिसतं, समोरचं उजव्यानं पुसट. त्यांना समोरचं दिसतं, डावीकडचं नाही. काल ते म्हणाले, "आपलं दोगांचं जोडून एक बरं मानूस हुतंय." खरंच, कणसं बऱ्यापैकी राहिलीत. निम्मी पाखरांनी खाल्ली असं मला वाटतं, त्यांना वाटतं पाव. कोण बरोबर ते ठरवायला तिसरा माणूस पाहिजे.

रोज सकाळी मी टॉवेलापुढे उभी राहते. काही दिवशी बटणाची कड दिसल्यासारखी वाटते. मग वाटतं, तिथं बटण आहे हे मला माहीत आहे म्हणून दिसतं. डोळा बघतो की आठवण बघते, ते मला सांगता येत नाही. हुक लावायला सिताबाई येते, बडबड करते आणि वाकडे लावते. मी ते तसेच राहू देते.

हे पत्र डावा झाकून लिहून बघितलं. तुझ्या नावाकडे सरळ बघितलं तर मधलं अक्षर जातं, दोन्ही बाजूची राहतात. नजर जराशी बाजूला नेली की येतं. भाऊंना सांगितलं, तर म्हणाले, "मग बाजूलाच बग. पोरगं तितंच हाय."

पुढच्या महिन्यात फोटो काढायला परत सोलापूर आहे. औषध घातल्यावर पाट्या वाचायला कुणीतरी लागेल. मी तुला ये म्हणत नाही, कारण तसं म्हटलं की तू का येऊ शकत नाहीस ते सांगशील.

पण भाऊ शेजारी बसलेत आणि म्हणतायत, माझं लिही. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

"समर्थ, हुरडा आजून हाय. खोकं आमी फोडत न्हाय, त्ये तू फोडायचं. भांडायचं आसंल तर हितं यिऊन भांड, ताटावर बसून, आन् उटायचं न्हाय. आन् येताना धाराशिवावरनं दुपारची यष्टी धर. अक्काला समोरचं धड दिसत न्हाय, मला डाव्या आंगाचं. तवा आमच्या उजव्या हाताच्या बाजूनं आत ये, म्हंजी दोगांना बी दिसशील."

अक्का